वाचकांचे प्रश्न : बर्फात रोवलेली काठी आणि खाली वाहणारं पाणी

मागच्या अंकात मी अ‍ॅल्प्समधल्या एका हिमनदीवर केलेल्या कामाबद्दल थोडं लिहिलं होतं. बर्फात काठ्या रोवायच्या, काही महिन्यांनी परत जाऊन त्या किती उघड्या पडल्या ते मोजायचं, आणि खालच्या ओढ्यात किती पाणी येतंय त्याची नोंद ठेवायची, असं ते काम. त्यावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं, खूप बरं वाटलं. सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देणं जमणार नाही म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न : ताई, आता उपग्रह आहेत, ड्रोन आहेत, घरबसल्या सगळे फोटो दिसतात. मग माणसांनी जीव धोक्यात घालून बर्फावर जाऊन काठ्या कशाला मोजायच्या? हे जुन्या पद्धतीचं प्रेम तर नाही ना?

नाही हो, प्रेम आहेच पण कारण ते नाही. उपग्रह तर हवेतच, कारण ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकाच्या प्रचंड हिमचादरी सोडल्या तरी जगात पावणेतीन लाखांच्या आसपास हिमनद्या आहेत आणि काठ्या रोवून मोजणी होते अशा त्यातल्या फक्त काहीशे. बाकीच्यांचं आपल्याला जे कळतं ते वरूनच.

पण एक गोष्ट लक्षात घ्या, हिमनदी ही खरोखरच नदी आहे, ती वाहते. वरच्या भागात पडलेलं हिम दाबून दाबून बर्फ होतं, तो बर्फ हळूहळू खाली सरकतो आणि खालच्या भागात तो आतून वर येत असतो. आता समजा तोंडाजवळच्या, म्हणजे अगदी खालच्या टोकाजवळच्या एखाद्या जागी उन्हाळ्यात पाच मीटर बर्फ वितळला आणि त्याच काळात खालून दोन मीटर बर्फ वर आला, तर वरून बघणाऱ्या उपग्रहाला पृष्ठभाग तीन मीटरनेच खाली गेलेला दिसणार. वितळलेलं पाणी मात्र पाच मीटर बर्फाचं आहे. काठी बर्फातच रुतलेली असते, बर्फाबरोबरच सरकते, त्यामुळे ती बरोबर पाच सांगते. संपूर्ण हिमनदीची बेरीज केली की हा सरकण्याचा हिशोब शून्य होतो आणि तिथे उपग्रह छान काम करतो, पण कुठल्या उंचीवर किती वितळलं, हे काठीच सांगणार.

दुसरं म्हणजे अशा वरून बघणाऱ्या उपग्रहाला उंची कळते, वजन कळत नाही. एक मीटर ताजं हिम म्हणजे पाण्याचे जेमतेम दहा सेंटिमीटर, वसंतातलं बसलेलं हिम असेल तर चाळीस-पन्नास सेंटिमीटर, आणि एक मीटर घट्ट बर्फ म्हणजे नव्वद सेंटिमीटर पाणी. म्हणून हिवाळा संपता संपता आम्ही वरच्या भागात फावड्याने खड्डा खणतो, कधीकधी माणसापेक्षा खोल, आणि भिंतीतून थराथराने हिमाचे नमुने काढून वजन करतो. पाठ मोडून येते, पण हिवाळ्याने किती जमा केलं आणि उन्हाळ्याने किती खर्च केलं हे वेगळं वेगळं कळायचं असेल तर दुसरा रस्ता नाही. नुसता वर्षाचा शेवटचा आकडा बघून हिमनदी खंगली ती हिम कमी पडलं म्हणून की ऊन जास्त झालं म्हणून, हे कळत नाही.

आणि तिसरं कारण माझ्या मते सगळ्यात मोठं. या नोंदी फार जुन्या आहेत. स्वित्झर्लंडमध्ये क्लारिडेनफिर्न नावाच्या हिमनदीवर १९१४ पासून मोजणी चालू आहे. तिथे शरद ऋतूत हिमावर गेरूसारखी रंगीत माती पसरतात आणि पुढच्या वर्षी त्या रंगाच्या थरापर्यंत खणत जातात, म्हणजे वर्षभरात वर किती साचलं ते कळतं. स्वीडनच्या स्टोरग्लासियेरेनवर १९४५-४६ पासून, ऑस्ट्रियाच्या हिंटरआइसफेर्नरवर १९५२-५३ पासून संपूर्ण हिमनदीचा जमाखर्च मांडला जातोय. तेव्हा कुठले उपग्रह! आजचा आकडा कितीही अचूक असला तरी तो ठेवायचा कशाशेजारी, तर या जुन्या आकड्यांशेजारीच, आणि त्यासाठी पद्धत तीच चालू ठेवावी लागते.

प्रश्न : काठी रोवतात म्हणजे नक्की काय? आणि बर्फ जास्तच वितळला आणि काठी पडली तर? मग आकडा अंदाजाने टाकतात का?

वाफेने भोक पाडतात. गॅसवर चालणारा छोटा बॉयलर पाठीवर घेऊन जायचा, त्याची गरम वाफ नळीतून टोकाला येते आणि बर्फात लोणी कापल्यासारखं भोक पडत जातं, आठ-दहा मीटर सहज. त्यात दोन-दोन मीटरचे तुकडे जोडून केलेली काठी सोडायची, लाकडी, प्लास्टिकची किंवा अ‍ॅल्युमिनियमची. भोकातलं पाणी गोठलं की ती पक्की बसते. मग काठीचा नंबर, उंची, जीपीएसवरची जागा आणि त्या दिवशी किती भाग बाहेर आहे ते लिहायचं. पुढच्या भेटीत बाहेरचा भाग दोन मीटरने वाढलेला असला तर गुणिले ०.९, म्हणजे १.८ मीटर पाणी त्या जागेवरून गेलं. एवढं साधं आहे, शाळेतलं पोरही करेल.

पडण्याचं मात्र खरं आहे, आणि हल्ली जास्त होतं. २०२२ मध्ये अ‍ॅल्प्समध्ये आधी हिवाळ्यात हिम कमी पडलं, मग मार्चमध्ये सहारा वाळवंटातली धूळ येऊन पांढऱ्या हिमावर बसली, ते काळवंडलं आणि ऊन जास्त शोषू लागलं, आणि त्यावर कडक उन्हाळा. शरद ऋतूत जाऊन बघायच्या काठ्यांसाठी भर उन्हाळ्यातच धावावं लागलं, नाहीतर सगळ्या आडव्या झाल्या असत्या.

मी स्वतः एकदा पोचले तर आमची खालची काठी बर्फावर चक्क लोळत होती, सगळे तुकडे बाहेर. माझ्याबरोबरच्या दोघांना वाटलं शेजारच्या काठीवरून अंदाज करून टाकू. मी तसं करू दिलं नाही. वहीत "किमान इतकं, काठी पूर्ण उघडी पडली" असं लिहिलं आणि त्यापुढे शेजारच्या काठीवरून काढलेला अंदाज वेगळ्या रकान्यात, अंदाज म्हणूनच. मला अजूनही वाटतं की त्या दिवशी मी दिवसभरात केलेलं सगळ्यात महत्त्वाचं काम तेच. पन्नास वर्षांनी ती वही कोणी उघडेल तेव्हा मोजलेलं कुठलं आणि मानलेलं कुठलं हे त्याला कळलं पाहिजे.

प्रश्न : मला एक विरोधाभास सुटत नाही. बातम्यांत म्हणतात हिमनद्या आटतायत, पाणीटंचाई होणार. आणि त्याच बातमीत ओढे दुथडी भरून वाहताना दाखवतात. पाणी वाढतंय की कमी होतंय?

दोन्ही, पण एकाच वेळी सगळीकडे नाही. बँकेतल्या ठेवीसारखं समजा. आधी तुम्ही फक्त व्याजावर जगत होता, म्हणजे जेवढं हिम दरवर्षी पडायचं साधारण तेवढंच वितळायचं. आता मुद्दल मोडायला सुरुवात झालीये, त्यामुळे हातात पैसा जास्त दिसतो. पण मुद्दल लहान होत जातं आणि एक दिवस असा येतो की बर्फ कितीही वेगाने वितळला तरी वितळायला बर्फच थोडा उरलेला असतो, आणि मग पाणी दरवर्षी कमी कमी होत जातं. पाणी सर्वात जास्त येण्याचं जे वळण असतं त्याला अभ्यासक पीक वॉटर म्हणतात. लहान हिमनद्यांचं हे वळण लवकर येतं, मोठ्यांचं उशिरा. अ‍ॅल्प्समधल्या बऱ्याच लहान हिमनद्या ते ओलांडून गेल्यात.

आणि वर्षभराचं एकूण पाणी हा अर्धाच प्रश्न आहे, ते कधी येतं हे जास्त महत्त्वाचं. हिमनदीचं मोठेपण हे की ती कोरड्या, कडक उन्हाळ्यातच जास्त पाणी देते. २००३ चा युरोपातला भयंकर उन्हाळा घ्या, ज्या खोऱ्यांत हिमनद्या नव्हत्या तिथल्या नद्यांचं पाणी खूप कमी झालं, आणि ज्या खोऱ्यांचा बराच भाग बर्फाखाली होता तिथल्या ओढ्यांना नेहमीपेक्षा जास्त पाणी होतं. म्हणजे ज्या वर्षी सगळ्यांना गरज तेव्हाच ती मदतीला येते. हिमनदी गेली की पाऊस तेवढाच पडेल, हिवाळ्यातलं हिमही वसंतात वितळेल, पण ऑगस्टमधला हा आधार जाईल. शेती, वीज, नदीतलं पाण्याचं तापमान, मासे, सगळ्याला त्याचा फटका बसणार. म्हणून ओढा भरून वाहतोय हे बघून कोणी "काळजी नको" म्हणालं की मला फार अस्वस्थ व्हायला होतं.

एक छोटी गोष्ट जोडते, ट्रेकला जाणाऱ्यांना उपयोगी पडेल. हिमनदीचा ओढा रोज फुगतो आणि ओसरतो. पहाटे सगळ्यात कमी, दुपारनंतर ते संध्याकाळपर्यंत सगळ्यात जास्त. सकाळी दगडांवरून सहज ओलांडलेला ओढा संध्याकाळी परत येताना ओलांडता येईलच असं अजिबात धरून चालू नका.

प्रश्न : ओढ्यात उतरता येत नसेल इतका जोर असतो असं तुम्ही लिहिलंत, मग पाणी किती वाहतंय हे मोजता कसं? मीठ टाकता असं वाचलं, ते खरं का?

अगदी खरं, आणि हा माझा सगळ्यात आवडता प्रयोग. साधं मीठ. मोजून वजन केलेलं मीठ बादलीत विरघळवायचं आणि ओढ्यात एकदम ओतायचं. खाली बऱ्यापैकी अंतरावर, जिथपर्यंत खळाळून ते पूर्ण मिसळलेलं असेल, तिथे पाण्याची विद्युतवाहकता मोजणारा प्रोब धरून बसायचं. मीठ आलं की आकडा चढतो, वर पोचतो, मग सावकाश उतरून मूळ पदावर येतो. पाणी जितकं जास्त तितकं मीठ पातळ झालेलं, म्हणजे तो चढउतार तितका बुटका. त्या आलेखाखालचं क्षेत्रफळ आणि टाकलेल्या मिठाचं वजन यांच्यावरून दर सेकंदाला किती लिटर पाणी जातंय ते निघतं. खवळलेला, दगडगोट्यांचा ओढा इतर पद्धतींना नकोसा असतो पण या पद्धतीला तोच बरा, कारण मीठ चांगलं मिसळतं. मोजायचं थंड हातांनी असतं, प्रोब धरलेली बोटं बधिर होतात, आणि आकडा पूर्ण उतरेपर्यंत उठायचं नाही हा नियम.

पण हे दर तासाला कोण करणार, म्हणून ओढ्यात पाण्याची पातळी नोंदवणारं यंत्र बसवतात. वेगवेगळ्या पातळ्यांना मीठ टाकून प्रवाह मोजून ठेवायचा, म्हणजे पुढे नुसत्या पातळीवरून प्रवाह काढता येतो. कटकट ही की हिमनदीचा ओढा आपलं पात्र सारखं बदलतो, एका मोठ्या पुरात दगड सरकले की जुनं गणित गेलं, परत मीठ घेऊन जा. ऑस्ट्रियात फेर्नाग्टफेर्नर हिमनदीच्या खाली १९७३ मध्ये यासाठी खास पक्कं मोजणी-केंद्र बांधलं आणि तिथे वरचा बर्फ आणि खालचं पाणी असे दोन्ही हिशोब शेजारी शेजारी ठेवता येतात. वरून इतकं गेलं, खाली इतकं आलं, जुळतंय का बघायचं. जुळलं नाही की खरी मजा, कुठेतरी आत पाणी साचलंय, किंवा पाऊस धरायचा राहिला, किंवा आपलीच चूक.

प्रश्न : ते पाणी दुधासारखं का दिसतं? पिण्यासारखं असतं का?

हिमनदी खालच्या खडकावरून घासत जाते आणि त्याचं पीठ करते, अक्षरशः पीठ, इतकं बारीक की पाण्यात तरंगत राहतं. त्याने पाणी दुधाळ, राखाडी दिसतं आणि हेच पाणी तळ्यात साचलं की निळसर हिरवं. तसंच पिऊ नका, गाळून उकळून घ्या. वर बर्फावर पाणी अगदी काचेसारखं असलं तरी तिथे माणसं, पक्षी, धूळ सगळं येतं.

प्रश्न : हिमनदीवर पांढरी चादर घालून ती वाचवतात असा व्हिडिओ पाहिला. मग सगळ्याच हिमनद्यांवर घालत का नाहीत?

स्वित्झर्लंडमधल्या ऱ्होन हिमनदीवर बर्फातली गुहा टिकवण्यासाठी बरीच वर्षं उन्हाळ्यात अशा चादरी घालत आलेत. जिथे घालतात तिथलं वितळणं निम्म्याहून जास्त कमी होतं हे खरं, पण तो तुकडा संपूर्ण हिमनदीच्या मानाने रुमालाएवढा. शेकडो चौरस किलोमीटर बर्फ, तोही भेगांनी फाटलेला आणि सरकणारा, झाकणं शक्य नाही, आणि त्या कापडाचे धागे पाण्यात जातात ते वेगळंच. गुहा वाचते, हिमनदी नाही.

(दगडगोट्यांबद्दल पण दोघांनी विचारलंय. बर्फावर धुळीचा पातळ थर असेल तर तो ऊन शोषून जास्त वितळवतो, आणि काही सेंटिमीटरांहून जाड झाला की उलट बर्फाला झाकून ठेवतो. हिमालयात खालचे भाग असे दगडांनी झाकलेल्या हिमनद्या पुष्कळ आहेत, म्हणून तिथे नुसतं तोंड किती मागे गेलं हे बघून फसायला होतं. तोंड जागेवरच आणि अंग मात्र खंगत चाललेलं.)

प्रश्न : या मोजमापांनी कोणाचा जीव वाचलाय का, की फक्त शोधनिबंध निघतात?

थेट प्रश्न आहे आणि थेटच उत्तर देते. २८ मे २०२५ ला स्वित्झर्लंडच्या लोचेनटाल खोऱ्यात बिर्च हिमनदी कोसळली आणि ब्लाटेन गावाचा बहुतेक भाग गाडला गेला. वरच्या डोंगरातून दगड पडून पडून हिमनदीवर ओझं वाढलं होतं, तिचा वेग वाढला होता, आणि ते मोजलं जात होतं म्हणून साधारण तीनशे लोकांना आधीच, बरेच दिवस आधी, बाहेर काढलं होतं. एक माणूस गेला, तो एक जीवही मोठाच, पण गावात लोक असते तर काय झालं असतं याचा विचार करवत नाही. याच्या उलट ३ जुलै २०२२, इटलीतली मार्मोलाडा हिमनदी. वितळलेलं पाणी भेगांमध्ये साचलं, बर्फाचा मोठा कडा सुटला आणि अकरा गिर्यारोहक गेले. तिथे आधी काही ठळक दिसलं नव्हतं. सगळं आधी कळतं असं मी म्हणणार नाही, पण कोणी बघतच नसेल तर काहीच कळणार नाही.

प्रश्न : मी कॉलेजात भूगोल शिकतेय, मला हे काम करायचंय. घरचे नको म्हणतायत. काय शिकू?

घरच्यांची काळजी चुकीची नाहीये गं, त्यांना आधी तेवढं म्हण. बर्फावर एकटं जायचं नाही, दोरीने एकमेकांना बांधून चालायचं, आणि हिमाखाली झाकलेल्या भेगेत कोणी पडलं तर बाहेर कसं काढायचं याचं रीतसर ट्रेनिंग आधी घे, एखाद्या चांगल्या गिर्यारोहण संस्थेत. पहाटे निघायचं, हिम घट्ट असतं तेव्हा भेगांवरचे पूल वजन पेलतात, दुपारी ते मऊ होतात. बाकी अभ्यासात भूगोलाबरोबर थोडं भौतिकशास्त्र आणि संख्याशास्त्र कर, नकाशाचं सॉफ्टवेअर शिक. आणि वही नीट लिहायला शिक, हे मी अगदी मनापासून सांगते, तारीख, वेळ, हवा, कोणी मोजलं, कशाने मोजलं, काय शंका आली. अक्षर दुसऱ्याला वाचता आलं पाहिजे. हाडाची दमणूक होते, पण संध्याकाळी वही बंद करताना जे वाटतं ते मला दुसऱ्या कुठल्या कामात मिळालेलं नाही.

प्रश्न : २०१९ मध्ये पिझोल हिमनदीचा लोकांनी अंत्यविधी केला ते वाचून रडू आलं. जे मरणारच आहे ते मोजत बसण्यात काय अर्थ?

मलाही आलं होतं. त्यानंतर २०२२ मध्ये पिझोल, वाद्रेत दाल कोर्वाच आणि श्वार्झबाखफिर्न या स्वित्झर्लंडमधल्या तीन हिमनद्यांची मोजणी थांबवावी लागली, मोजण्याइतका बर्फच उरला नाही. त्या एका वर्षात स्वित्झर्लंडने आपल्या हिमनद्यांचा सुमारे ६ टक्के बर्फ गमावला आणि पुढच्या वर्षी आणखी ४ टक्के. दोन वर्षांत जेवढा गेला तेवढा आधी १९६० ते १९९० या तीस वर्षांत गेला होता.

पण सगळ्याच मरणार हे ठरलेलं नाहीये. मोठ्या हिमनद्यांचं वरचं अंग किती शिल्लक राहील हे तापमान किती वाढू दिलं जातं त्यावर आहे आणि अर्धा-एक अंशाने तिथे फार मोठा फरक पडतो. आणि ज्या जाणार आहेत त्यांच्याबद्दल म्हणाल तर, खालच्या गावाला पाणी कधी आणि किती कमी होणार हे आधी सांगायचं असेल तर शेवटच्या काठीपर्यंत मोजावंच लागेल. आजारी माणसाचा ताप बघणं आपण सोडतो का?

प्रश्न : आम्ही नुसते फिरायला जाणारे, संशोधक नाही. आमच्याकडून काही होईल का?

होईल! ऑस्ट्रियातल्या अल्पाइन क्लबचे स्वयंसेवक १८९१ पासून दरवर्षी खडकावरच्या रंगाच्या खुणेपासून हिमनदीच्या तोंडापर्यंत टेप लावतायत, पगार नाही काही नाही, बापाकडून मुलीकडे अशी खूण सांभाळत आलेली घरंही आहेत. त्यांच्याच नोंदीत पास्टेर्झे हिमनदी २०२२-२३ या एका वर्षात २०० मीटरहून जास्त मागे गेल्याचं आहे.

तुम्ही फोटो काढा. हिमनदीवर न चढता, पायवाटेवरूनच, एखादा न हलणारा मोठा खडक किंवा पुलाचा कठडा शोधा आणि तिथून. चौकटीत मागचं शिखर आणि दोन्ही बाजूचे खडक येऊ देत, झूम करू नका, माणसांना बाजूला उभं करा. शक्यतो ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरमध्ये, नवं हिम पडायच्या आधी, म्हणजे खरी कड दिसते. तारीख आणि जीपीएसची जागा लिहून ठेवा, उभं राहिलेल्या जागेचाही एक फोटो घ्या, म्हणजे पुढच्या वेळी तुम्ही नाही तर दुसरं कोणीही बरोबर तिथेच उभं राहू शकेल. जुन्या अल्बममध्ये कोणाकडे असे फोटो असतील तर मागे तारीख लिहिलीये का बघा, नसेल तर ज्याने काढला त्याला आजच विचारून घ्या.